मग खून केला कुणी?

गेल्या शनिवारी रात्री आमच्या कोल्हापूरच्या घरी 'एक रुका हुआ फैसला'चा खास खेळ झाला. प्रेक्षकसंख्या पाच. मी, बायको, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला भाचा आणि त्याचे दोन मित्र. पोरांनी आधी नाकं मुरडली. एकच खोली, बारा माणसं, गाणं नाही, मारामारी नाही, म्हणजे काय बघायचं? पण पंधरा मिनिटांत मोबाईल खाली गेले. पंकज कपूर ओरडायला लागला तेव्हा तर एकाने चिवडा खायचाही थांबवला. मी मनातल्या मनात खूश.

सिनेमा संपला. पाटी आली. आणि भाचा म्हणाला, "ते सगळं ठीक आहे मामा, पण मग खून केला कुणी?"

मी म्हटलं, "ते सांगितलेलं नाही."

"म्हणजे? त्या पोरानं केला की नाही केला?"

"तेही सांगितलेलं नाही."

"आयला! मग दोन तास काय बघितलं आपण?"

मित्रांनीही माना डोलावल्या. बायको उठून स्वयंपाकघरात गेली, कारण पुढे काय होणार हे तिला लग्नाच्या अनुभवावरून कळलं होतं. मी एक तास व्याख्यान दिलं. पोरं जांभया देत झोपायला गेली. माझी झोप मात्र उडाली, म्हणून हा लेख. माझं म्हणणं सरळ आहे. "मग खून केला कुणी?" हा प्रश्न खुनाचा तपास करणाऱ्या पोलिसाने विचारायचा असतो. समोर उभ्या असलेल्या माणसाचा न्याय करताना जो हा प्रश्न विचारतो, तो हातात दोर घेऊनच बसलेला असतो. आणि आपण सगळे, अगदी मीसुद्धा, हा प्रश्न रोज विचारतो.

ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बासु चटर्जींनी १९८६ साली हा केला. मूळ अमेरिकन. रेजिनाल्ड रोझने १९५४ साली टीव्हीसाठी लिहिलेलं नाटक, त्यावर १९५७ साली सिडनी ल्युमेटने केलेला '१२ अँग्री मेन'. एका पोरावर बापाच्या खुनाचा आरोप आहे. खटला संपलाय. बारा ज्युरर खोलीत बसून निकाल ठरवणार. पहिल्या मतदानात अकरा म्हणतात दोषी, एक (के. के. रैना) म्हणतो, थांबा, जरा बोलू या. बास्स, एवढीच गोष्ट. मग एकेक पुरावा तपासायला घेतात. 'असा चाकू दुसरा नाहीच' म्हणतात, तसाच चाकू हा माणूस टेबलावर ठेवतो. पाय ओढत चालणारा म्हातारा साक्षीदार इतक्या कमी वेळात दारापर्यंत पोचला कसा, हे खोलीत चालून मोजतात. खिडकीतून खून बघितला म्हणणाऱ्या बाईच्या नाकावर चष्म्याच्या खुणा होत्या, हे कुणाला तरी आठवतं. (ते आठवणारा म्हातारा म्हणजे अन्नू कपूर. तेव्हा जेमतेम तिशीचा होता, हे पोरांना शेवटपर्यंत पटलं नाही.)

आता गंमत बघा. सगळीकडे या सिनेमाची ओळख 'खोट्या आरोपात अडकलेल्या निरपराध पोराची गोष्ट' अशी करून देतात. चूक! पोरगा निरपराध आहे असं सिनेमात कुणीही सिद्ध करत नाही. के. के. रैनाचा माणूसही म्हणत नाही की त्याने खून केलेला नाही. तो एवढंच म्हणतो की मला खात्री नाही, आणि खात्री नसताना मी कुणाला फाशी देणार नाही. सिनेमाची सगळी ताकद या 'खात्री नाही'मध्ये आहे. नेमकी तीच आपल्याला गिळवत नाही.

गिळवणार कशी? आपल्या सिनेमांनी आपल्याला वेगळीच सवय लावली. बी. आर. चोप्रांचा 'कानून' (१९६०) घ्या. गाणी नसलेला, धाडसी, फाशीच्या विरोधात बोलणारा. एका भुरट्या चोरावर खुनाचा खटला चालतो. चांगला सिनेमा, वाद नाही. पण शेवटी गुंता सुटतो कशाने? तर हुबेहूब तसाच दिसणारा दुसरा माणूस निघतो. आपल्या राजा परांजप्यांचा 'पाठलाग' (१९६४) घ्या. राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालेला, पुढे राज खोसलाने ज्याच्यावरून 'मेरा साया' केला तो. कोर्टात उभी असलेली बाई 'मी ती नव्हे' म्हणून टाहो फोडते. तिथे उत्तर काय? जुळी बहीण! (सहा दशकं होऊन गेली, रहस्य फोडल्याबद्दल कुणी रागावू नये.) थोडक्यात, आपल्याकडे निर्दोष सुटायचं असेल तर घरात एक जुळं भावंड पाहिजे. खरा गुन्हेगार पडद्यावर आला, रडला, कबूल झाला, की मगच आपला आरोपी निर्दोष. तोपर्यंत नाही.

कायद्यात हे बरोबर उलटं आहे. आरोपीने खरा खुनी शोधून द्यायचा नसतो. त्याने काहीच सिद्ध करायचं नसतं. सिद्ध करायचं ते सरकारने, आणि तेही वाजवी शंकेला जागा न ठेवता. शंका उरली, तर तिचा फायदा आरोपीला. शाळेत 'शंभर अपराधी सुटले तरी चालतील पण...' हे वाक्य आपण सुविचार म्हणून फळ्यावर लिहिलं. फळा पुसला, वाक्य गेलं.

टीव्हीने तर कहरच केला. 'सी. आय. डी.' १९९८ साली सुरू झाली, पहिल्या खेपेला वीस वर्षं चालली. मीही बघितली आहे, आणि शिवाजी साटमांवर माझं प्रेमच आहे. पण दर भागाचा शेवट आठवा. दार तुटतं, एक थप्पड बसते, संशयित म्हणतो, 'हां, मैंने ही मारा उसे!' केस खलास. आता हे ऐका. पोलिसांपुढे दिलेली कबुली आपल्या देशात कोर्टात पुरावा म्हणून चालतच नाही. १८७२च्या पुरावा कायद्याचं कलम २५. जुलै २०२४ पासून नवा साक्ष्य कायदा आला, त्यातही कलम २३ मध्ये तेच आहे. (कबुलीवरून एखादी वस्तू सापडली तर तेवढ्यापुरता भाग घेता येतो. नुसती कबुली नाही.) हा नियम आणला कुणी? इंग्रजांनी. आपल्याच पोलिसांच्या कोठडीत कबुली कशी निघते हे त्यांना चांगलं ठाऊक होतं म्हणून. दीडशे वर्षांपूर्वी साहेबाला जे कळलं ते आपल्याला रोज रात्री टीव्ही बघून विसरायला होतं.

आता कुणीतरी म्हणेल, अहो, तो सिनेमा ज्युरीचा, आपल्याकडे ज्युरी आहे कुठे? बरोबर. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ती पूर्ण मोडीत काढली. म्हणजे बासुदांनी १९८६ साली जी खोली दाखवली ती भारतात तेव्हा नव्हतीच. ज्युरीचं नाव काढलं की सगळ्यांना नानावटी आठवतो. १९५९ साली मुंबईत त्या नौदल अधिकाऱ्याला ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथे जन्मठेप झाली, १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्या खटल्यात कोर्टाबाहेर गर्दी होती, वर्तमानपत्रं होती, लोकांनी निकाल आधीच लावून टाकला होता. माझं म्हणणं, ज्युरी गेली नाही. कोर्टातून उठली आणि चहाच्या टपरीवर, वृत्तवाहिनीवर, आता व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर येऊन बसली. फरक एवढाच, की या ज्युरीत के. के. रैना नसतो. बाराच्या बारा पहिल्या मतदानातच मोकळे.

इथवर मी सिनेमाबद्दल बोललो. आता खऱ्या खटल्याबद्दल बोलतो, कारण त्याच्याशिवाय वरची सगळी बडबड म्हणजे शनिवार रात्रीची करमणूक.

जून २००३. नाशिकजवळ एका पेरूच्या बागेत झोपडी करून राहणारं कुटुंब. रात्री टोळी आली, लूट केली, पाच जणांना ठार केलं, बलात्कार केले. मेलेल्यांत लहान पोरं होती. अंगावर काटा येईल असा गुन्हा. त्यात काही दिवसांनी सहा जण पकडले गेले. भटक्या जमातीतले, मजुरी करणारे, गरीब. २००६ साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. एप्रिल २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी दिली. म्हणजे परत सहाच्या सहा. तीन पायऱ्या, तिन्ही कोर्टं, सगळीकडे दोषी.

आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने, न्या. सिक्री, न्या. अब्दुल नझीर आणि न्या. शाह यांच्या खंडपीठाने, फेरविचार करून सहाही जणांना निर्दोष सोडलं. सोळा वर्षं तुरुंगात गेली होती, त्यातली बरीचशी फाशीच्या छायेत. त्यांच्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे मधल्या काळात सिद्ध झालं होतं. म्हणजे फाशी सोडा, त्याला मोठ्यांच्या कोर्टातही उभं करायला नको होतं.

असं काय सापडलं सोळा वर्षांनी? जुळा भाऊ? खऱ्या खुन्याची कबुली? नाही हो. एक कागद. त्या रात्री वाचलेल्या बाईने घटनेनंतर लगेचच पोलिसांच्या फोटोंच्या अल्बममधून चार जणांना ओळखलं होतं. ते चौघं पोलिसांच्या नोंदीतले गुन्हेगार होते, आणि पकडलेल्या सहा जणांपैकी कुणीही त्यांत नव्हता. तिचा जबाब नोंदवलेला होता. त्या चौघांचा तपासच पुढे गेला नाही. ना निःपक्ष तपास झाला ना निःपक्ष खटला, असं न्यायालयाने म्हटलं. गंभीर गुन्ह्यात गोरगरीब, भटक्या लोकांना गोवलं जाण्याची शक्यता नाकारता येत नाही, असंही म्हटलं. जबाबदार अधिकाऱ्यांना शोधून कारवाई करा, आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये द्या, असा आदेश दिला.

मी इंजिनिअर माणूस, लगेच भागाकार केला. पाच लाख भागिले सोळा वर्षांचे दिवस. दिवसाला पंच्याऐंशी-शहाऐंशी रुपये. आमच्याकडे बऱ्यापैकी ठिकाणी बसून एक प्लेट मिसळ खाल्ली तर एवढे होतात.

आता मला सांगा, या गोष्टीत 'मग खून केला कुणी?' हा प्रश्न कुठे बसतो? तो बसतो २००३ साली, त्या अल्बमच्या पानावर. तिथे कुणी तो विचारलाच नाही. विचारला तो नंतर, सहा माणसं पिंजऱ्यात उभी असताना. 'एवढा भयंकर गुन्हा झालाय, हे नाहीत तर मग कोण?' पाच मुडदे पडलेत, गाव पेटलंय, वर्तमानपत्रं मागे लागलीत, आणि समोर सहा माणसं आहेत ज्यांच्यासाठी मोर्चा काढणारं कुणी नाही. गुन्हा जितका भयंकर तितका पुरावा भक्कम पाहिजे. आपल्याकडे होतं उलटं. गुन्हा जितका भयंकर तितका थोडा पुरावा पुरतो.

हे सगळं मी फार उंचावरून बोलतोय असं वाटेल. तसं नाही. माझ्या हातूनही एक निकाल लागलेला आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. मी पुण्यात एका कंपनीत होतो. शुक्रवारी रात्री रिलीज. बाराच्या सुमारास फोन सुरू झाले, ग्राहकाच्या बिलांच्या टेबलमधल्या हजारो ओळी गायब. कॉलवर पंधरा माणसं. साहेबाचा पहिला प्रश्न 'काय झालं?' असा नव्हता. 'कुणी केलं?' असा होता. मी लॉग उघडला. खालून वर वाचत गेलो. अकरा चाळीसला एका ज्युनिअरचं लॉगिन दिसलं. बाहेरगावचा पोरगा, पहिलीच नोकरी, सहा महिने झालेले. मला एकदम हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू, आनंद झाला. रात्री एक वाजता मेल टाकला, त्याचं नाव ठळक अक्षरात, सीसीमध्ये सगळे. सोमवारी त्याचे अधिकार काढून घेतले. तो म्हणत होता, सर, मी फक्त बघायला लॉगिन केलं होतं. आम्ही सगळे एकमेकांकडे बघून हसलो. तीन आठवड्यांत त्याने राजीनामा दिला.

चार-पाच महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी तोच लॉग उघडला. या वेळी वरून खाली वाचला. रात्री अकराला एक जुना, सगळे विसरलेला क्रॉन जॉब आपोआप चालला होता. पोरगा आत शिरला त्याच्या चाळीस मिनिटं आधीच ओळी गेलेल्या होत्या. त्याच फाईलमध्ये, त्याच्या नावाच्या दोनेकशे ओळी वर. मला नाव सापडलं आणि मी वाचायचा थांबलो, एवढीच माझी चूक. एवढीच!

मी साहेबाला मेल केला. उत्तर आलं, 'जुनं झालं ते, सोड.' मी सोडलं. पोराला फोन करायचं धाडस झालं नाही, दोन ओळींचा मेल केला. त्याचं उत्तर, 'ठीक आहे सर.' नाव घेताना मी सगळ्यांना सीसी केलं होतं. चूक कबूल करताना एकालाही नाही. आजही वर्तमानपत्रात 'आरोपी जेरबंद' पहिल्या पानावर आणि 'निर्दोष मुक्तता' आतल्या पानावर कोपऱ्यात बघितली, की मला तो मेल आठवतो.

नाशिकच्या त्या फाईलमध्येही कागद होताच. कुणाला तरी नाव सापडलं होतं, म्हणून वाचणं थांबलं. माझ्या चुकीने एका पोराची नोकरी गेली. तिथे सहा माणसांची सोळा वर्षं.

आता नेहमीचे आक्षेप. ते मला तोंडपाठ आहेत, कारण मीच पूर्वी घेत असे.

पहिला: "अशानं गुन्हेगार सुटतील की!" अहो, सुटलेच ना! निरपराध माणूस आत गेला याचा दुसरा अर्थ काय? खून करणारा बाहेर फिरतोय. निरपराध्याला पकडणं म्हणजे 'कायद्याचा जादा कडकपणा' नव्हे, ते गुन्हेगाराला सोडून देणंच आहे. आणि सगळ्यात मोठी फसवणूक त्या वाचलेल्या बाईची. तिचं घरदार गेलं, तिने फोटोवर बोट ठेवलं, आणि सरकारने तिला सोळा वर्षं सांगितलं की न्याय झाला. पीडितांच्या बाजूने बोलतो म्हणणाऱ्यांनी आधी एवढं तरी मान्य करावं.

दुसरा: "पण शेवटी सुटले ना? म्हणजे यंत्रणा चालते." हा तर्क माझ्या धंद्यातल्या कुणी केला तर मी त्याला टीममध्ये घेणार नाही. युनिट टेस्ट पास, इंटिग्रेशन टेस्ट पास, ग्राहकाची चाचणी पास, आणि सोळा वर्षांनी प्रॉडक्शनमध्ये बग सापडला, तर त्याला चाचण्यांचं यश म्हणायचं का? तीनही चाचण्या एकच चुकीचं इनपुट घेऊन चालल्या होत्या. हिरवा दिवा लागला यात नवल काय. आणि फेरविचार याचिका म्हणजे शेवटचा दरवाजा, तो बहुतेकांसाठी उघडतच नाही.

तिसरा: "साक्षीदारानं प्रत्यक्ष ओळखलंय, आणखी काय पाहिजे?" माणसाची आठवण म्हणजे हार्ड डिस्क नव्हे. ती प्रत्येक वेळी वाचताना थोडी थोडी नव्याने लिहिली जाते. पहिल्यांदा ओळखलेला चेहरा आणि वर्षा-दोन वर्षांनी भर कोर्टात, पोलिसांच्या शेजारी उभा असलेला चेहरा, यांत पहिल्याची किंमत जास्त. नाशिकच्या प्रकरणात नेमका पहिलाच गाळला.

चौथा, जो कुणी मोठ्याने म्हणत नाही: "आपल्याला काय करायचंय? असे लोक काहीतरी करतच असतात." मंडळी, या 'असे लोक'वर थोडं थांबू, कारण इथे कोल्हापूरकरांना बोलायचा हक्क आहे आणि लाजायचाही.

इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. पोलीस चौकीवर रोज हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. तो कायदा स्वतंत्र भारतात १९५२ साली गेला. आमच्या शाहू महाराजांनी मात्र आपल्या राज्यात १९१८ सालीच अशी हजेरी बंद केली. फासेपारध्यांना पकडून कोंडण्याऐवजी त्यांना पदरी ठेवलं, सोनतळीला आसरा दिला, पहाऱ्याचं काम दिलं. ज्यांना सगळे चोर म्हणत त्यांच्या हाती राजाने आपल्या घराची राखण दिली. यापेक्षा मोठं 'मला पुराव्याशिवाय पटत नाही' कुणी म्हटलंय? आपण दर २६ जूनला जयंतीची मिरवणूक काढतो, गाण्यांवर नाचतो, आणि गल्लीत चोरी झाली की पहिला फोन करतो तो पालावर कोण उतरलंय ते सांगायला. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' आलं १९८७ साली, त्याला साहित्य अकादमी मिळाली, आपण टाळ्या वाजवल्या. पोलिसांची गाडी अजून पालापाशीच आधी थांबते.

बिंदू चौकातला तुरुंग ठाऊक आहे ना? गावाच्या मधोमध. अंबाबाईला येणारे लोक शेजारी गाड्या लावतात आणि त्या भिंतीला वळसा घालून देवळाकडे जातात. लहानपणी त्या भिंतीपाशून जाताना आम्ही म्हणायचो, आत खुनी आहेत. कुणी सांगितलं नाही की आत असणं म्हणजे दोषी असणं नव्हे. २०२२च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे दर चारांतल्या तिघांचा निकालच लागलेला नाही. कायद्याच्या लेखी ते तुमच्या-माझ्याइतकेच निर्दोष आहेत. फक्त आपण भिंतीच्या या बाजूला गाडी लावून देवळात जातो.

बरं, नुसती आगपाखड करून लेख संपवणं बरं नव्हे. तीन गोष्टी मागतो.

एक. तपासात जमा झालेला प्रत्येक कागद, सरकार पक्षाला तो वापरायचा असो वा नसो, आरोपीला कळला पाहिजे. अशी यादी आरोपीला द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितलेलं आहे. ती प्रत्येक खटल्यात, मागितली नाही तरी, मिळाली पाहिजे. नाशिकच्या वेळी ती मिळाली असती तर २०१९ उजाडावं लागलं नसतं.

दोन. चुकीने तुरुंगात घातलेल्या माणसाला भरपाई हा त्याचा हक्क व्हावा, कोर्टाची मेहेरबानी नको. विधी आयोगाने २०१८ सालच्या आपल्या २७७व्या अहवालात नेमकं हेच मागितलंय. कर्ज बुडवणाऱ्यांसाठी रात्रीत वटहुकूम निघू शकतो, तर याला इतकी वर्षं का?

तीन. ही आमच्या गावासाठी. कित्येक दशकं मोर्चे, उपोषणं, कोर्टांवर बहिष्कार झाले, आणि १७ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवईंच्या हस्ते मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचं उद्घाटन झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांसाठी. आपण पेढे वाटले, मीही खाल्ले. मुंबईचा हेलपाटा वाचला म्हणून सगळे खूश. पण हेलपाटा सर्वांत जास्त कुणाला परवडत नव्हता? जमिनीच्या दाव्यातल्या बागायतदाराला नव्हे. कळंब्याच्या जेलमधल्या पोराच्या आईला, जिला अपील म्हणजे काय हेही कुणी नीट सांगितलेलं नाही. तिच्या पोराच्या अपिलाला चांगला, फाईल वरून खाली वाचणारा सरकारी खर्चाचा वकील मिळाला, तरच मी म्हणेन की हे बेंच आमचं आहे.

रविवारी सकाळी पोरं मिसळ खायला बसली तेव्हा मी त्यांना नाशिकची गोष्ट सांगितली. या वेळी व्याख्यान नाही, नुसती गोष्ट. अल्बमपाशी आलो तेव्हा भाचा जेवायचा थांबला.

"म्हणजे कागद पहिल्यापासून होता?"

"पहिल्यापासून."

"आणि कुणी वाचला नाही?"

मी गप्प बसलो. मग त्याला माझ्या त्या मेलची गोष्ट सांगितली. आजवर घरात कुणाला सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, त्या पोराला सगळ्यांसमोर सॉरी म्हटलास का?"

नाही म्हटलं.

तेव्हा आज हे लिहून झाल्यावर पहिलं काम. त्या रात्री कॉलवर असलेल्यांपैकी ज्यांचे पत्ते माझ्याकडे आहेत त्या सगळ्यांना हा लेख पाठवतोय. त्यालाही. या वेळी सीसीमध्ये सगळे आहेत.